स्मरणाच्या दारातलं शिसं

मावशीने एका बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे घेऊ का गं?’ अक्षरं इतकी बारीक की फोटो ताणून ताणून वाचावा लागला. ‘सिनॅप्टिक सपोर्ट’, ‘न्यूरोप्लॅस्टिसिटीला चालना’, आणि तळाशी त्याहूनही बारीक टाइपात, ‘हे उत्पादन कोणत्याही आजाराच्या निदानासाठी वा उपचारासाठी नाही’. वरच्या ओळीने दिलेलं खालच्या ओळीने काढून घेतलेलं. मावशी अडुसष्ट वर्षांची आहे. नावं पटकन आठवत नाहीत म्हणून घाबरलेली आहे. ‘नको घेऊस’ एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. पण ती पुढे ‘का?’ विचारणार हे मला ठाऊक होतं, आणि त्या ‘का’चं उत्तर बाटलीपुरतं राहत नाही.

मेंदूची शिकण्याची ताकद ‘वाढवा’ असं सांगणारा बाजार आज मोठा आहे. गोळ्या आहेत, अॅप आहेत, शिबिरं आहेत. माझं म्हणणं असं की इथे प्रश्नच उलटा मांडला गेलाय. दोन चेतापेशींच्या सांध्यात, म्हणजे चेतासंधीत किंवा सिनॅप्समध्ये, प्रथिनांचा कारभार कसा चालतो याबद्दल गेल्या पन्नास वर्षांत अफाट माहिती जमली. त्यातून निरोगी माणसाची बुद्धी वाढवणारं औषध निघालेलं नाही. हा कारभार कशाने बिघडतो हे मात्र बऱ्यापैकी पक्कं कळलंय. आणि त्या बिघाडाचा बंदोबस्त बाटलीत भरून विकता येत नाही. तो सरकारांना, कायद्यांना, कारखान्यांच्या तपासणीला करावा लागतो. त्यामुळेच कदाचित त्याची जाहिरात कोणी करत नाही.

अनुभवाने बदलण्याच्या मेंदूच्या गुणाला, म्हणजे ‘प्लॅस्टिसिटी’ला, आपण सर्रास ‘लवचीकता’ म्हणतो, आणि पहिली गल्लत तिथेच होते. लवचीक वस्तू वाकवून सोडली की मूळ आकारात येते; वेताची छडी तशी असते. प्लॅस्टिक या शब्दाच्या मुळाशी घडवणं आहे. कुंभाराच्या हातातली माती, दाबली की दाबलेली राहणारी. म्हणून मी पुढे ‘घडणशीलता’ म्हणणार आहे, परिभाषा कोशवाल्यांनी रागावू नये. मातीचंच घेतलं तर ती ओली असावी लागते हे खरं, पण कायम ओलीच राहिली तर तिचं मडकं होत नाही. आज बोट लावलं की कालचा ठसा गेला. ठसा उमटायलाही हवा आणि टिकायलाही हवा, या दोन ओढाताणी चेतासंधीला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. ‘चालना’ देणाऱ्या बाटलीला त्यातली एकच ओढ माहीत असते.

ही गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिली ती विद्यार्थी असताना. उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, ४०० मायक्रोमीटर जाडीचा काप, खाली कोमट क्षारद्रव वाहतोय, त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे. काप इतका पातळ की खालचा प्रकाश आरपार दिसतो, आणि तरीही तो जिवंत. एका तारेने दर अर्ध्या मिनिटाला हलकासा विजेचा ठोका द्यायचा, दुसऱ्या टोकाला काचेच्या सुईने उत्तर टिपायचं. पडद्यावर दर वेळी तीच लहानशी खळी उमटते. वीस मिनिटं तसंच, कंटाळा येईपर्यंत. मग एका सेकंदात शंभर ठोके, आणि पुन्हा पहिल्यासारखा दर अर्ध्या मिनिटाला एक. ठोका तोच, तार तीच, पण आता खळी जवळपास दीडपट खोल. सर म्हणाले, ‘तासभर फिरून या.’ तासाने परत आलो तरी खळी तशीच खोल होती. कापाला काहीतरी ‘लक्षात’ राहिलं होतं. शरीर नाही, डोळे नाहीत, भीती नाही, आणि तरी एका सेकंदाची आठवण.

हा प्रकार पहिल्यांदा सविस्तर मांडला टिमोथी ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी, १९७३ साली. ऑस्लोत भूल दिलेल्या सशांवर त्यांनी हे प्रयोग केले होते, आणि वाढलेला प्रतिसाद अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत टिकलेला त्यांना दिसला. नाव पडलं ‘लाँग-टर्म पोटेन्शिएशन’, म्हणजे दीर्घकाळ टिकणारं बळकटीकरण. त्याआधी १९४९ मध्ये डोनाल्ड हेब यांनी तर्काने मांडलं होतं की एक पेशी दुसरीला वारंवार पेटवत असेल तर त्यांच्यातला दुवा पक्का होत जावा. म्हणजे पाव शतकानंतर तो तर्क पडद्यावर खळी होऊन उतरला.

आता सांध्यात काय घडतं ते जवळून पाहू. दोन पेशींमध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट. अलीकडची पेशी त्या फटीत ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन सोडते. पलीकडच्या पेशीवर बारीक काट्यासारखे फुगवटे असतात आणि त्यांच्या टोकावर ग्लुटामेट ओळखणारी प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर, बसलेली असतात. त्यांतले एएमपीए नावाचे रिसेप्टर रोजचे कामकरी: ग्लुटामेट आलं, दार उघडलं, सोडियम आत, निरोप पोचला. त्यांच्या शेजारीच एनएमडीए रिसेप्टर असतो आणि तो भलताच चिकित्सक. ग्लुटामेट येऊन चिकटलं तरी त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा एक आयन बुचासारखा अडकलेला असतो. पेशी स्वतः पुरेशी उत्तेजित झाली तरच तो आयन बाजूला ढकलला जातो. पलीकडून हाक आली पाहिजे आणि ती येताना आपणही जागे असलो पाहिजे, अशा दोन किल्ल्यांचं हे कुलूप. मॅग्नेशियमची ही भूमिका १९८४ मध्ये स्पष्ट झाली. हेबचा नियम एका रेणूच्या तोंडात बसवलेला सापडावा, याहून देखणं मला जीवशास्त्रात फार थोडं दिसलंय.

दार उघडलं की कॅल्शियम आत येतो, आणि इथे आकड्यांकडे जरा लक्ष द्या, पुढे ते लागणार आहेत. स्वस्थ चेतापेशीच्या आत मोकळा कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतो. बाहेर त्याच्या दहा हजार पट. एवढी उतरंड राखण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्चते, कारण कॅल्शियम तिच्यासाठी निरोप आहे, आणि निरोप ऐकू यायचा तर एरवी शांतता लागते. काट्याच्या इवल्याशा पोकळीत थोडेसे आयन शिरले तरी तो निरोप असतो.

तो वाचणारं मुख्य प्रथिन म्हणजे कॅमकेटू. हिप्पोकॅम्पसमधल्या एकूण प्रथिनांत एकट्या त्याचा वाटा १ ते २ टक्के भरतो. एखाद्या नियामक प्रथिनासाठी ही चैनच म्हणायची. बारा घटकांचं ते कडं असतं. कॅल्शियम घेऊन आलेलं कॅल्मोड्युलिन हे प्रथिन त्याला जागं करतं आणि जागे झालेले घटक शेजाऱ्याच्या अंगावर, २८६व्या जागेवरच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर, फॉस्फेटची खूण ठेवतात. ती खूण असेपर्यंत कॅल्शियम ओसरला तरी कडं अर्धवट जागं राहतं. १९९८ मध्ये ही एकच जागा बदललेले उंदीर तयार केले गेले. हजारो प्रथिनांतल्या एका प्रथिनाचं एक अमिनो आम्ल. हिप्पोकॅम्पसमधलं ते बळकटीकरण नाहीसं झालं आणि पाण्याच्या हौदात लपवलेला चौथरा शोधायला ते उंदीर शिकेनात.

कॅमकेटूमागोमाग आणखी बरंच हलतं. सिनगॅप नावाचं प्रथिन काट्याच्या टोकापाशी लगाम धरून बसलेलं असतं, ते बाजूला सरतं. नवे एएमपीए रिसेप्टर येऊन खिळतात, आतला अॅक्टिनचा सांगाडा पसरतो, काटा फुगतो. काही तासांपलीकडे टिकायचं तर नवी प्रथिनं बनावी लागतात; गोगलगायीच्या जातकुळीतल्या अॅप्लिसियावर एरिक कँडेल यांनी आयुष्यभर केलेलं काम याच टप्प्याचं, ज्यासाठी त्यांना २०००चं नोबेल विभागून मिळालं.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की मग दार जास्त उघडावं, कॅमकेटू जास्त जागवावं, काम झालं. बाटलीवाल्यांचा हिशेब हाच. पण त्याच कापाला सेकंदाला एक असे ९०० ठोके सावकाश दिले तर खळी उथळ होते आणि उथळच राहते. दार तेच एनएमडीए, आत येतो तोही कॅल्शियमच. फक्त थोडा थोडा आणि बराच वेळ. तेव्हा जागं होतं कॅल्सिन्यूरिन हे एन्झाइम, जे फॉस्फेटच्या खुणा पुसण्याचं काम सुरू करतं, आणि एएमपीए रिसेप्टर आत ओढून घेतले जातात. एकच आयन मात्रेनुसार एकदा लिहितो आणि एकदा खोडतो. खोडणं हा बिघाड नव्हे. खोडण्यासाठी वेगळी प्रथिनं राखून ठेवलेली आहेत. आर्क हे प्रथिन तर नवा अनुभव मिळाल्यावर भराभरा तयार होतं आणि मग रिसेप्टर काढून घ्यायला मदत करतं. (हे आर्क मुळात विषाणूंसारख्या एका प्राचीन जनुकातून आलेलं आहे आणि आजही विषाणूच्या कवचासारखी कवचं बांधतं, हे २०१८ मध्ये उघड झालं. त्यावर वेगळा लेख लिहायचा मोह मी आवरते.) झोपेतही असंच काहीसं होतं: २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूचे बारीक काप मोजले गेले तेव्हा झोपेनंतर चेतासंधींचा आकार सरासरी १८ टक्के घटलेला होता. दिवसभर वाढलेलं रात्री छाटायचं. रात्रपाळ्या आणि भल्या पहाटेच्या शाळा ठरवणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघावा, एवढं म्हणून पुढे जाते.

दार जास्त उघडून पाहिलेलंच नाही असंही नाही. १९९९ मध्ये प्रिन्स्टनमध्ये जो त्सिएन यांच्या गटाने एनएमडीए रिसेप्टरचा एक घटक जास्त प्रमाणात बनवणारे उंदीर तयार केले. हा घटक लहान वयात भरपूर असतो आणि मोठेपणी कमी होतो. त्याच्यामुळे दार थोडा जास्त वेळ उघडं राहतं. ते उंदीर खरोखर चटकन शिकले, जास्त लक्षात ठेवू लागले. वर्तमानपत्रांनी ‘हुशार उंदीर’ डोक्यावर घेतले. दोन वर्षांनी त्याच जातीच्या उंदरांवर दुसरं संशोधन आलं: इजेनंतर होणाऱ्या दाहाच्या वेदनेला ते जास्त आणि जास्त काळ प्रतिसाद देत होते. ही बातमी कोणी डोक्यावर घेतली नाही. वेदना टिकते तीही घडणशीलताच. व्यसन जडतं तेही याच प्रथिनांच्या मार्फत. धक्कादायक प्रसंग वर्षानुवर्षं सोडत नाही, तिथे स्मरणशक्ती कमी पडलेली नसते. चेतासंधीला चांगली आठवण आणि वाईट आठवण असा भेद कळत नाही.

उलट बाजूही आहे. एनएमडीएचं दार बंद करणारं केटामाइन हे भुलीचं औषध नैराश्यात काही तासांत उतार देऊ शकतं आणि त्याचंच भावंड एस्केटामाइन २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ‘चालना म्हणजे भलं’ हे समीकरण इथे अगदीच डोक्यावर उभं राहतं.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते फ्रॅजाइल एक्सच्या कहाणीने. बौद्धिक अक्षमतेचा हा आनुवंशिक विकार. त्यात एफएमआरपी नावाचं प्रथिन बनत नाही, आणि एफएमआरपीचं काम चेतासंधीजवळच्या प्रथिननिर्मितीला ब्रेक लावणं. ब्रेक नसल्यामुळे प्रथिनं जास्त बनतात. म्हणजे इथे ‘जास्त’ हाच आजार आहे. जिथून प्रथिननिर्मितीला ढकल मिळते तो एमग्लूआर-फाइव्ह रिसेप्टर थोडा दाबला तर तोल परत येईल, असा तर्क २००४ मध्ये मांडला गेला. उंदरांत तो कमालीचा यशस्वी झाला. तर्क स्वच्छ, प्राण्यांवरचा पुरावा भक्कम, पैसा ओतायला दोन बलाढ्य औषध कंपन्या तयार. २०१४च्या सुमारास माणसांवरच्या चाचण्यांत ती औषधं अपेशी ठरली आणि दोन्ही कार्यक्रम गुंडाळले गेले. वय उलटून गेलं होतं, चाचणीचं मोजमाप ढोबळ होतं, शरीर औषधाला सरावलं, अशी कारणं मांडली जातात. मला त्या शास्त्रज्ञांबद्दल आदरच आहे. पण ज्या यंत्रणेचा एकेक स्क्रू माहीत होता तिथे इतक्या सावधपणे हात घालूनही हे झालं. मग कुठलाच स्क्रू माहीत नसताना ‘चालना’ कुठून देणार?

अजून एक ताजी गोष्ट. कॅमकेटू हे एन्झाइम आहे, ते खुणा उमटवतं म्हणून दुवा पक्का होतो, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकलो आणि शिकवलं. २०२३ मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाने दाखवलं की बळकटीकरण सुरू व्हायला त्याचं एन्झाइमपण आवश्यक नसून एनएमडीए रिसेप्टरला जाऊन खिळणं आवश्यक आहे; कामगार म्हणून नाही, खुंट म्हणून. या क्षेत्रातलं सर्वांत नावाजलेलं प्रथिन नेमकं काय करतं यावर अजून असा वाद होऊ शकतो. लेबलांवर मात्र वाद नसतो.

लेबलांचा विषय निघालाच आहे तर प्रेव्हाजेनचं प्रकरण सांगण्यासारखं आहे. जेलीफिशमध्ये सापडणाऱ्या अपोइक्वोरिन या कॅल्शियम पकडणाऱ्या प्रथिनाची ही गोळी अमेरिकेत स्मरणशक्तीसाठी विकली गेली. कॅल्शियम, प्रथिन, मेंदू: वर सांगितलेले सगळे शब्द त्यात आहेत. अडचण एवढीच की गिळलेलं प्रथिन पोटात इतर कुठल्याही प्रथिनासारखं पचतं, त्याचे तुकडे होतात. ते अख्खं हिप्पोकॅम्पसमधल्या काट्यापर्यंत कसं जाणार? फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांच्या फसवणुकीवर नजर ठेवणारी तिथली सरकारी संस्था) आणि न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलांनी २०१७ मध्ये खटला भरला. दावे थांबवण्याचा न्यायालयाचा आदेश आला २०२४ अखेरीस. जवळपास आठ वर्षं. ल्युमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या कंपनीने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या आरोपावरून २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरून तडजोड केली. धंदा चालूच आहे, नवी नावं येत आहेत.

कोणी म्हणेल, घेऊ देत की. लोक आपल्या पैशाने आशा विकत घेतात, तुमचं काय जातं? पैशाचं मी फारसं मनावर घेत नाही. मला खुपतं ते वेगळंच. घडणशीलता ही ज्याची त्याची खासगी दौलत आहे आणि ती वाढवणं ज्याचं त्याचं कर्तव्य, अशी समजूत यातून रुजते. मूल शिकत नाही, म्हणजे आईबापांनी पुरेशी ‘चालना’ दिली नाही. म्हातारी विसरते, म्हणजे तिने कोडी सोडवली नाहीत. आणि ज्या गोष्टी लाखो मुलांच्या चेतासंधींवर एकदम हात टाकतात, त्यांच्याकडे बघायला कोणी उरत नाही.

त्यांतली एक म्हणजे शिसं.

शिशाचा आयन कॅल्शियमसारखाच दोन धन प्रभारांचा. कॅल्शियमच्या जागा तो बळकावतो: हाडांत जाऊन बसतो आणि तिथे दशकानुदशकं राहतो, कॅल्शियमची दारं अडवतो, कॅल्मोड्युलिनला जाऊन चिकटतो, प्रोटीन कायनेज-सी हे एन्झाइम खोटंच जागं करतो. आणि एनएमडीए रिसेप्टर, तोच दोन किल्ल्यांचा, त्याच्यावर जस्ताने काम मंदावण्यासाठी एक खाच असते. शिसं तिथे बसून दाराचं उघडणं रोखतं. लहानपणी शिसं पोटात गेलेल्या उंदरांच्या मेंदूच्या कापांत तीच खळी खोल करायला जास्त जोर लावावा लागतो, आणि तरी ती हवी तितकी खोल होत नाही. शिशाचे उपद्व्याप याच एका वाटेने होतात असं नाही, पण ही वाट चांगली तपासलेली आहे.

‘थोडं चालतं’ असं शिशाबद्दल कित्येक दशकं सांगितलं गेलं. वरचे आकडे आठवा. पेशी आत १०० नॅनोमोलर शांतता राखते. अशा ठिकाणी कॅल्शियमचा तोतया शिरला तर त्याला ‘थोडं’ कुठल्या मापाने म्हणायचं? अमेरिकेत मुलांच्या रक्तातल्या शिशाची चिंताजनक पातळी १९६० च्या दशकात दर डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅम धरत. मग ४०, ३०, २५, १०, ५ आणि २०२१ पासून ३.५. मोजायला शिकलो तशी ‘सुरक्षित’ रेघ खाली सरकत गेली. सात अभ्यासांतल्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये जे दिसलं ते याहून अस्वस्थ करणारं: पातळी २.४ वरून १० ला जाताना बुद्ध्यंक सुमारे ४ गुणांनी घसरतो, आणि १० वरून २० ला जाताना सुमारे २ गुणांनी. म्हणजे पहिले थेंबच जास्त महाग पडतात. जागतिक आरोग्य संघटना आता सरळ म्हणते की सुरक्षित अशी पातळी माहीत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२०च्या अहवालानुसार जगात दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असावं. एकूण आकडा ८० कोटींच्या घरात. यातल्या एकालाही ‘सिनॅप्टिक सपोर्ट’च्या बाटलीचा उपयोग नाही.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे, तो टाळून चालणार नाही. शिसं वाईट हे कळायला चेतासंधीतली प्रथिनं कशाला हवीत? रंगकाम करणाऱ्यांना होणारी विषबाधा पाहून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ मध्येच शिशाच्या पांढऱ्या रंगाविरुद्ध करार केला होता. तेव्हा एनएमडीए कोणाच्या स्वप्नातही नव्हता. अगदी खरं. आणि त्याच १९२१ मध्ये अमेरिकी अभियंते थॉमस मिजली यांना पेट्रोलमध्ये घालायचं शिशाचं संयुग गवसलं, हेही खरं. अॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या तज्ज्ञ डॉक्टर विरोध करत राहिल्या आणि शिसं सगळ्या जगाच्या धुरात मिसळलं. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथला साठा संपला २०२१ मध्ये. बरोबर शंभर वर्षं. ती शंभर वर्षं मिळाली कशी? पोटदुखी, झटके, लुळे हात अशी ठळक लक्षणं दिसत नाहीत तोवर इजा नाही, या युक्तिवादावर. तो मोडायला ठळक नसलेली इजा दाखवावी लागली. आधी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजून, १९७९ मध्ये. मग चेतासंधीत, एकेका रिसेप्टरवर. उथळ राहणारी ती खळी म्हणजे लक्षण नसलेली इजाच. माझ्या मते या शास्त्राचा सर्वांत मोठा सार्वजनिक उपयोग हाच, आणि मूलभूत संशोधनावर पैसे का खर्चायचे याचं उत्तर द्यायची वेळ येते तेव्हा मी अल्झायमरच्या औषधांआधी हे सांगते. तिथलीही प्रगती मी नाकारत नाही. २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळालेल्या लेकॅनेमॅब या औषधाने दीड वर्षात रुग्णांची घसरण २७ टक्के मंदावली, हे काही कमी नाही. पण ती घसरणच आहे, मंदावलेली.

आणि ‘बिघडू दे, मग दुरुस्त करू’ म्हणणाऱ्यांसाठी एक चाचणी आहे. रक्तात जास्त शिसं असलेल्या ७८० लहान मुलांवर ती झाली, निष्कर्ष २००१ मध्ये आले. निम्म्यांना सक्सिमर दिलं, जे शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. औषधाने आपलं काम केलं, रक्तातली पातळी उतरली. पण बुद्धीच्या चाचण्यांत औषध घेतलेली मुलं न घेतलेल्यांपेक्षा पुढे नव्हती. वयाच्या सातव्या वर्षी पुन्हा तपासलं तेव्हाही नव्हती. जी वर्षं दार अडलेलं होतं ती वर्षं परत मिळाली नाहीत.

रंगांतल्या शिशावर कायद्याने बंधन घालणारे देश आजही जगात निम्म्याच्या आसपासच आहेत. जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढण्याचं काम उघड्यावर, वस्तीत, मुलांच्या देखत चालतं, आणि ते बंद करायला कुठलाही नवा रेणू शोधायचा नाहीये. निरीक्षक हवेत, प्रयोगशाळा हव्यात, जुन्या बॅटरीला धड ठिकाणी नेऊन देणारी साखळी हवी. रक्ततपासणी लसीकरणाइतकी नेहमीची हवी. कंटाळवाणी कामं आहेत.

मावशीला मी यातलं बरंचसं लिहिलं, जरा सोपं करून. तिच्या विसरण्याबद्दल डॉक्टरांना दाखव, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घे, बाटली राहू दे, असंही लिहिलं. दोन दिवस काही उत्तर नाही. मग पुन्हा एक फोटो आला. घरातली जुनी खिडकी, चौकटीचा रंग पापुद्रे धरून सुटलेला, आणि चौकटीला धरून उभी तिची नात, तोंड नेमकं लाकडाच्या उंचीवर. खाली लिहिलं होतं, ‘हा रंग माझ्या लग्नाआधीचा आहे. खरवडून काढू का?’

कोरडा खरवडू नकोस, धूळ उडेल आणि तीच जास्त वाईट, नातीला तिथून लांब ठेव, असं मी लगेच कळवलं. त्या रंगात शिसं आहे की नाही हे तपासून कुठे मिळेल, हे शोधायला मात्र मला तीन दिवस लागले. तसल्या पाच बाटल्या एका तासात घरपोच मिळाल्या असत्या.